कर्णबधिर आणि अंध मुलांची शाळा एकच का? थोडी पार्श्वभूमी

ब्रेल, साइन लँग्वेज वगैरे सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याला दिसत नाही अशा दोन मुलांना एकाच शाळेत घालायचं मुळात सुचलं कुणाला? एकाला सगळं डोळ्यांनी शिकवायचं, दुसऱ्याला कानांनी आणि बोटांनी, आणि मधल्या सुट्टीत दोघं समोर आले तर एकाच्या खुणा दुसऱ्याला दिसत नाहीत नि दुसऱ्याचं बोलणं पहिल्याला ऐकू येत नाही.

पॅरिसला दोन्ही शाळा १८व्या शतकात वेगवेगळ्या सुरू झाल्या होत्या. क्रांतीनंतर १७९१ मधे सरकारने दोन्ही उचलून एका जुन्या मठात नेऊन ठेवल्या. प्रमुखांचं आपसात पटेना, १७९४ मधे परत वेगळ्या. म्हणजे प्रयोग करून झाला होता, फसलाही होता, तरी पुढे अमेरिकेत राज्यामागून राज्याने हेच केलं!

कारण शैक्षणिक वगैरे नव्हतंच, सरळ खर्चाचं होतं. मुलं थोडी, तीही लांबलांबच्या गावांत विखुरलेली, म्हणजे शाळा निवासी हवी, मग स्वयंपाकघर एक, बिल्डिंग एक, सुपरिंटेंडेंट एक आणि आत दोन डिपार्टमेंट. व्हर्जिनियात स्टॉन्टनला १८३९ मधे अशी शाळा सुरू झाली, यादवी युद्धात तिचं लष्करी हॉस्पिटल पण झालं.

१८८० मधे मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणा बंद, ओठ वाचा आणि बोला असा ठराव झाला. दीडशेच्या वर प्रतिनिधी आणि त्यात स्वतः बधिर असलेला एकच, यावर वेगळं काय बोलायचं. पुढची कित्येक दशकं वर्गात हात हलवायची चोरी. अंधांच्या बाजूलाही सुख नव्हतं, अमेरिकेत कुठल्या ठिपक्यांची लिपी वापरायची हे भांडण पार १९३२ पर्यंत चाललं.

व्हर्जिनियात आणखी एक भानगड. स्टॉन्टनला फक्त गोरी मुलं. कृष्णवर्णीय बधिर आणि अंध मुलांसाठी दुसरी शाळा हॅम्प्टनकडे उघडली १९०९ मधे, तीही एका बधिर माणसाच्या पाठपुराव्यामुळे. म्हणजे एकीकडे पैसे वाचवायला दोन प्रकारची मुलं एकत्र करायची आणि दुसरीकडे रंगासाठी अख्खी दुसरी शाळा बांधायची, तेव्हा खर्च आड आला नाही. गंमत अशी की दक्षिणेतल्या असल्या शाळांकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही म्हणून ओठ वाचायची सक्तीही तिथे उशिरा आणि कमी पोचली, आणि खुणा टिकल्या. नंतर वर्णभेद उठून गोरी-काळी मुलं एकाच शाळेत यायला लागली तेव्हा गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या खुणांत चांगलाच फरक निघाला, आणि बदलायची पाळी बहुतेक वेळा काळ्या मुलांवरच आली.

नंतरचं सगळं पटापट झालं. १९६४-६५ च्या रुबेलाच्या साथीत अमेरिकेत हजारो बाळं बधिर जन्मली, काही अंधही, काही तर दोन्ही, त्यामुळे या शाळांचा पट एकदम फुगला. १९७५ मधे कायदा आला की अपंग मुलांना शक्य तिथे नेहमीच्याच शाळेत शिकवायचं. रुबेलाची मुलं शिकून बाहेर पडली आणि वसतिगृहं ओस पडायला लागली.

मग पुन्हा तोच खर्चाचा हिशोब. व्हर्जिनियात दोन शाळा ठेवायच्या की एक, आणि एक तर कुठली, यावर बरीच वर्षं घोळ चालला. जुनी आणि मानाची स्टॉन्टनची, पण दाट वस्ती किनाऱ्याकडे, हॅम्प्टनच्या बाजूला. शेवटी २००८ मधे हॅम्प्टनची बंद करून स्टॉन्टनच्या शाळेत विलीन केली. कागदावर हे सोयीचं दिसतं, पण माझ्या मते सोय सरकारची झाली, किनाऱ्याकडच्या पोरांची नाही. त्यांच्यासाठी शाळा राज्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, म्हणजे एक तर वसतिगृहात राहा नाहीतर गावातल्या नेहमीच्या शाळेत जे मिळेल त्यावर भागवा.