राष्ट्रीय देखभाल सेवेची सहरचना (स्कॉटलंड)

स्कॉटलंडमधील वृद्ध, अपंग व दीर्घकाळ आजारी माणसे, त्यांना सांभाळणारे घरचे लोक आणि या क्षेत्रातले कर्मचारी यांना सोबत घेऊन देशव्यापी देखभाल सेवा आखण्याचा प्रयत्न. तो साधारण २०२१ ते २०२५ या काळात चालला. सेवा ज्यांच्यासाठी आहे त्यांनी अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून ती आखावी, या पद्धतीला तिथे को-डिझाइन म्हणतात. मराठीत सहरचना म्हणता येईल. ज्या नॅशनल केअर सर्व्हिससाठी हे सगळे झाले ती मात्र ठरल्याप्रमाणे उभी राहिली नाही.

इथे देखभाल म्हणजे दवाखान्यातला उपचार नव्हे. अंथरुणातून उठायला हात देणे, आंघोळ घालणे, कपडे चढवणे, जेवण भरवणे अशी रोजची कामे तीत येतात. स्कॉटलंडमध्ये ती ३२ स्थानिक परिषदांची जबाबदारी आहे. परिषदा काही काम स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून करून घेतात, तर बरेचसे खासगी कंपन्यांना आणि धर्मादाय संस्थांना देतात. ६५ व त्याहून अधिक वयाच्या लोकांसाठी वैयक्तिक शुश्रूषा १ जुलै २००२ पासून मोफत झाली. २०१९ मध्ये ही सवलत त्याहून कमी वयाच्या प्रौढांनाही मिळाली. आरोग्य मंडळे आणि परिषदा यांची सांगड घालण्यासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. तरीही एका परिषदेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत राहायला गेलेल्या माणसाची मदत आपोआप त्याच्यामागे येईल याची खात्री नव्हती. गरजांची पाहणी पुन्हा पहिल्यापासून व्हायची.

कोविडच्या साथीत देखभालगृहांतील मृत्यूंनी हा विषय ऐरणीवर आला. सप्टेंबर २०२० मध्ये स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेचे माजी प्रमुख डेरेक फीली यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला. देखभालीचा खर्च हे समाजावरचे ओझे मानू नका, ती गुंतवणूक आहे, हा अहवालाचा गाभा. जबाबदारी मंत्र्यांकडे द्या आणि राष्ट्रीय सेवा उभारा, अशी त्याची शिफारस होती. त्या वर्षी ऑगस्टपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत सरकारने लोकांची मते मागवली. २० जून २०२२ रोजी विधेयक स्कॉटलंडच्या संसदेत मांडले गेले.

सहरचनेची कल्पना तिथे नवी नव्हती. सार्वजनिक सेवा लोकांबरोबर आखाव्यात, असे कॅम्बेल क्रिस्टी यांच्या आयोगाने २०११ मध्येच सुचवले होते. सामाजिक सुरक्षा भत्ते लंडनच्या सरकारकडून एडिंबरोतील स्कॉटिश सरकारकडे येऊ लागले, तेव्हा २०१७ पासून भत्ताधारकांची अनुभव-मंडळे नेमण्यात आली आणि नव्या यंत्रणेची सनद त्यांच्या मदतीने लिहिली गेली. तो प्रयोग बऱ्यापैकी जमला, असे म्हणायला हरकत नाही. पण त्याला एक आधार होता: भत्ते कोण देणार हे आधीच ठरलेले होते, प्रश्न फक्त ते कसे द्यायचे एवढाच होता.

देखभाल सेवेसाठी सरकारने प्रत्यक्ष अनुभव असलेल्या लोकांचे एक मंडळ केले. ज्याने ही सेवा घेतली आहे, दिली आहे किंवा मागूनही जिला मिळाली नाही, अशा व्यक्तीला त्यात नाव नोंदवता येई. संस्थांसाठी वेगळी नोंदवही होती. २०२३ च्या उन्हाळ्यात देशाच्या निरनिराळ्या भागांत मेळावे झाले. माहितीची देवाणघेवाण, हक्क आणि जबाबदाऱ्या, सेवा स्थानिक राखणे, आपले म्हणणे ऐकले जाणे आणि कर्मचाऱ्यांचा मान, असे विषय त्यासाठी ठरले होते. यातला पहिला विषय वरवर रुक्ष वाटतो, पण लोकांच्या सर्वांत जिव्हाळ्याची तक्रार तिथेच होती. नवा कर्मचारी आला की आपली कहाणी पुन्हा अथपासून सांगावी लागते. पक्षाघात कधी झाला, कोणता हात उचलत नाही, शौचाला कोणाची मदत लागते, हे सगळे अनोळखी माणसापुढे पुन्हा उघडे करायचे. कार्यालयाच्या लेखी तो एक अर्ज असतो. सांगणाऱ्याची मात्र त्यात दर वेळी थोडी लाज जाते. अशी गोष्ट टेबलावर आणायला तो माणूसच तिथे असावा लागतो, आणि सहरचनेची खरी कमाई हीच. हक्कांची सनद, तक्रारींची व्यवस्था असे विषयही याच वाटेने पुढे गेले.

गोची दुसरीकडे होती. मांडलेले विधेयक चौकटवजा होते. त्यात मंत्र्यांना अधिकार दिले होते, पण सेवा नेमकी कशी असेल हा तपशील पुढे सहरचनेतून ठरणार होता. म्हणजे आमदारांनी नकाशा न पाहता घराला मंजुरी द्यायची. संसदेच्या वित्त समितीने विचारले, आराखडाच नाही तर खर्चाचा अंदाज कशावरून? पाच वर्षांसाठीची वरची मर्यादा सव्वाशे कोटी पौंडांच्या पुढे गेली होती. दुय्यम कायद्यांची छाननी करणाऱ्या समितीनेही एवढे अधिकार मंत्र्यांच्या हाती जाण्याला हरकत घेतली. लोकसहभागाचा हवाला देऊनच संसदेचा सहभाग कमी होत होता, हा या प्रकरणातला विचित्र पेच.

अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मत विचारणे ही तिची चौथी पायरी, तर भागीदारी सहावी. हक्कांची सनद लिहिताना स्कॉटलंडची मंडळी सहाव्या पायरीच्या आसपास पोचली होती, असे म्हणता येईल. पण सत्ता, पैसा आणि नोकऱ्या परिषदांकडे राहणार की मंत्र्यांकडे जाणार, हा प्रश्न त्या शिडीवर कधी आलाच नाही. त्याचा सौदा वेगळ्याच खोलीत झाला. जुलै २०२३ मध्ये सरकार, परिषदांचा महासंघ कोस्ला आणि आरोग्यसेवा यांनी जबाबदारी वाटून घेण्याचे ठरवले आणि कर्मचारी परिषदांकडेच राहतील असे निश्चित झाले. मेळाव्यांना जाणाऱ्यांच्या दृष्टीने घराचा पायाच मध्येच हलला.

विधेयकाचा पहिला टप्पा २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पार पडला, पण त्याच वर्षीच्या शरद ऋतूत कोस्ला आणि कामगार संघटनांनी पाठिंबा काढून घेतला. पाठोपाठ ग्रीन पक्षही विरोधात गेला. २३ जानेवारी २०२५ रोजी मंत्री मारी टॉड यांनी राष्ट्रीय सेवा स्थापण्याचा भाग वगळत असल्याचे जाहीर केले. त्याऐवजी सल्लागार मंडळ आले. त्याला कायद्याचे पाठबळ नाही. सेवा घेणाऱ्यांना मात्र त्यात जागा आहे.

उरलेले विधेयक नाव बदलून १० जून २०२५ रोजी केअर रिफॉर्म या नावाने संमत झाले. सांभाळ करणाऱ्या नातेवाइकांना पुरेशी विश्रांती मिळण्याचा हक्क, माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम आणि देखभालगृहातील व्यक्तीला आपल्या माणसांना भेटता यावे यासाठीच्या तरतुदी त्यात आहेत. भेटीच्या या तरतुदींना ॲन्स लॉ, म्हणजे ॲनचा कायदा, म्हणतात. साथीच्या काळात आईच्या खिडकीबाहेर उभे राहावे लागलेल्या कुटुंबांची ही मागणी संसदेकडे अर्जाच्या रूपाने २०२० मध्येच, म्हणजे सहरचनेचे मेळावे सुरू होण्याच्या कितीतरी आधी, पोचली होती.