पॉयझन आयव्हीचं पहिलं चुंबन वाया जाणार

‘बॅटमॅन’ या अमेरिकी कॉमिकच्या जून 1966 च्या अंकात, म्हणजे 181 व्या, पॉयझन आयव्ही ही खलनायिका पहिल्यांदा अवतरली. पुढे ती डॉ. पामेला आयझली ही वनस्पतिशास्त्रज्ञ झाली. वेली तिच्या इशाऱ्यावर धावतात आणि तिच्या विषारी चुंबनाने माणूस जागीच आडवा होतो. वेलींचं सोडून देऊ. झाडाला स्नायू नसतात. लाजाळूचं पान मिटतं ते देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पेशींमधून पाणी निघून गेल्यामुळे, आणि पुन्हा उघडायला त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. एवढ्यात बॅटमॅन चहा पिऊन निघून जाईल.

चुंबनाची गोष्ट मात्र रंगतदार आहे, कारण जिच्यावरून बाईंचं नाव पडलं ती वनस्पती खरोखरच आहे. उत्तर अमेरिकेत रानाच्या कडेला, कुंपणावर ती सर्रास वाढते. एका देठाला तीन पर्णिका. झाडावर चढलेल्या जुन्या वेलीच्या खोडावर केसाळ मुळ्यांचं जाळं. तिच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेलकट द्रव्य असतं. त्वचेत शिरल्यावर ते आपल्याच प्रथिनांना चिकटतं, आणि शरीराच्या टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या प्रथिनांना परकं समजून हल्ला करतात. पुरळ, फोड, खाज हा सारा त्या हल्ल्याचा परिणाम. शेळ्या आणि हरणं हीच पानं खुशाल खातात.

टी-पेशींना ही ओळख पटायला साधारण 10 ते 21 दिवस लागतात. म्हणून पहिल्या स्पर्शाला बहुतेकांना लगेच काहीच होत नाही. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी 12 ते 48 तासांत त्वचा पेटते. काही नशीबवानांना कधीच काही होत नाही. म्हणजे ओठांना उरुशिऑल लावून फिरणाऱ्या खलनायिकेचं पहिलं चुंबन वाया, आणि दुसऱ्यानंतरही समोरचा घरी जाऊन, जेवून, झोपून उठेपर्यंत धडधाकट.

या वेलीचं गोत्र आपल्या ओळखीचं आहे: आंबा, काजू, बिब्बा. बिब्बा उततो तो याच जातीच्या द्रव्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कंबरेवर चट्टे उठले, ते धोब्याने कपड्यांवर बिब्ब्याने घातलेल्या खुणांमुळे. काजूच्या टरफलातलं तेल हात भाजतं, आंब्याच्या देठाचा चीक गालावर उततो. अमेरिकेत ज्याला आयव्ही बाधलेली आहे, त्याला आंब्याच्या सालीनेही ओठांभोवती पुरळ येऊ शकतं. अशांनी दुसऱ्याकडून साल काढून घ्यावी आणि नुसता गर खावा. चोखून खाणं टाळावं.

तिकडे राहणाऱ्यांनी पानाचा स्पर्श झाला तर घड्याळाकडे बघावं. पहिल्या 10 मिनिटांत धुतलं तर साधारण निम्मं उरुशिऑल निघतं, अर्ध्या तासाने जेमतेम दहावा भाग, तासाभराने जवळपास काहीच नाही. भरपूर वाहतं पाणी आणि भांडी घासायचा साबण घ्यावा. तेल नुसत्या पाण्याला दाद देत नाही. फडक्याने घासावं, नखांखालीही. कपडे वेगळे धुवावेत. कात्री-कोयते अल्कोहोलने पुसावेत, कारण हे तेल हत्यारावर वर्षानुवर्षं टिकतं. बरं झालेलं पुरळ पुन्हा उठतं, ते बहुधा न पुसलेल्या मुठीमुळे किंवा बुटांच्या नाडीमुळे. फोडातल्या पाण्याने मात्र ते पसरत नाही; पसरतं, हा निव्वळ गैरसमज. वेल उपटताना पातळ रबरी हातमोजे कुचकामी, त्यांतून उरुशिऑल आरपार जातं. जाड व्हिनाइलचे घालावेत.

आणि उपटलेली वेल जाळू नये. धुराबरोबर तेल फुप्फुसात गेलं की खाजेवर भागत नाही, रुग्णालयात भरती व्हावं लागतं. हिवाळ्यात पानं गळलेली असतानाही खोडात आणि मुळांत तेल असतंच, त्यामुळे शेकोटीसाठी सरपण गोळा करताना केसाळ वेल गुंडाळलेलं लाकूड तिथंच सोडावं.