कणभौतिकी आणि दैनंदिन तंत्रज्ञान

कणभौतिकी म्हणजे पदार्थाचे सर्वांत लहान घटक आणि त्यांच्यात चालणारी बले यांचा अभ्यास करणारी भौतिकीची शाखा. या संशोधनातून निघालेली साधने आज रुग्णालयांत, कारखान्यांत, संगणकात आणि मोबाइलमध्ये रोजच्या वापरात आहेत. क्वचित एखादा कणच थेट कामी येतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन ही त्याची ठळक उदाहरणे. बहुतेक वेळा कामी येते ते कण शोधण्यासाठी उभारलेले यंत्र : कणांना वेग देणारा त्वरक, त्यांची नोंद घेणारा शोधक, त्यांना वळवणारा चुंबक किंवा नोंदींचा ढीग उपसणारी संगणकप्रणाली. २०१२ मध्ये सापडलेल्या हिग्ज बोसॉन या मूलकणाचा व्यवहारात आज काही उपयोग नाही. त्याच्या शोधासाठी घडवलेल्या चिप आणि चुंबकांमागचे तंत्र मात्र इतरत्र कामाला लागले आहे. हा फरक लक्षात घेतला नाही, तर मूलभूत संशोधनाकडून भलतीच अपेक्षा केली जाते आणि ती पुरी झाली नाही की पैसा वाया गेला असे वाटू लागते.

जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत निर्वात नळीतील किरणांवर प्रयोग करून इलेक्ट्रॉन शोधला. तशाच नळीतून पुढे दूरचित्रवाणीची पिक्चर ट्यूब झाली. तापलेल्या तारेतून निघणारे इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या दाबाने खेचायचे, चुंबकाने वळवायचे आणि पडद्यावर आपटायचे, अशी तिची रचना. चपटे पडदे येईपर्यंत घरोघरी एक छोटा त्वरक चालू होता असे म्हणायला हरकत नाही.

पॉझिट्रॉनची कथा अधिक विस्मयकारक आहे, कारण तो आधी कागदावर आला. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या समीकरणातून इलेक्ट्रॉनाइतक्याच वस्तुमानाच्या, पण धन विद्युतभाराच्या जोडीदाराची शक्यता पुढे आली. १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या छायाचित्रात चुंबकाने उलट दिशेला वळलेली रेषा दिसली आणि तो कण खरा ठरला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात त्याचे गणित होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये असताना मांडले; ते आजही ‘भाभा प्रकीर्णन’ या नावानेच ओळखले जाते. यातल्या कोणाच्याही मनात रुग्णालय नव्हते.

आज कर्करोगाच्या रुग्णाला ‘पेट (पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी) स्कॅन करून घ्या’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याच्या शरीरात हाच कण काम करतो. सायक्लोट्रॉन या वर्तुळाकार त्वरकातून वेगाने निघालेले प्रोटॉन जड ऑक्सिजन असलेल्या पाण्यावर सोडतात. त्यातून फ्ल्युओरिन-१८ हा किरणोत्सारी अणू तयार होतो. तो ग्लुकोजसारख्या रेणूला जोडून शिरेतून टोचतात. रुग्णाला काही तास उपाशी ठेवलेले असते. इंजेक्शननंतर त्याने निवांत पडून राहायचे, शक्यतो बोलायचेही नाही, कारण हललेले स्नायू साखर ओढून घेतात आणि चित्र फसते. अर्बुदातील (कर्करोगाच्या गाठीतील) पेशी साखरेच्या हावऱ्या असल्याने औषध तिथे जास्त साठते. फ्ल्युओरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन मिलिमीटरभर जाईपर्यंत एखाद्या इलेक्ट्रॉनाशी भिडतो, दोघेही नाहीसे होतात आणि गॅमा किरणांचे दोन फोटॉन (प्रकाशकण) परस्परविरुद्ध दिशांना सुटतात. प्रत्येकाची ऊर्जा ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. रुग्णाभोवतीच्या कड्यातील समोरासमोरचे दोन स्फटिक एकाच क्षणी उजळले, की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ती घटना घडली हे कळते. अशा असंख्य रेषांमधून संगणक चित्र उभे करतो.

फ्ल्युओरिन-१८ ची अर्धायू, म्हणजे त्याचे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटे आहे. सकाळी बनवलेले औषध संध्याकाळपर्यंत जवळजवळ संपलेले असते; म्हणून सायक्लोट्रॉन रुग्णालयापासून काही तासांच्या टप्प्यात असावाच लागतो. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, २००२ मध्ये सुरू झाला. सायक्लोट्रॉन हे यंत्र अर्नेस्ट लॉरेन्स यांनी १९३० च्या सुमारास अमेरिकेत बर्कली येथे अणुकेंद्राचा अभ्यास करण्यासाठी तयार केले होते. पेटमधील शोधकांचा इतिहासही असाच आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत जॉर्ज शार्पाक यांनी १९६८ मध्ये कणांचे मार्ग टिपणारा बहुतारी शोधक बनवला (१९९२ चे नोबेल त्यासाठीच). त्याच परंपरेतल्या शोधकाने डेव्हिड टाउनसेंड आणि अ‍ॅलन जेव्हन्स यांनी १९७७ मध्ये सर्नमध्ये एका उंदराचे पेट चित्र घेतले. स्फटिकांच्या बाबतीत देवघेव दुहेरी झाली : बिस्मथ जर्मनेट या पदार्थाचे स्फटिक पेट यंत्रांत आधीपासून वापरात होते, आणि सर्नच्या एल-३ प्रयोगाने तसे हजारो स्फटिक मोठ्या प्रमाणावर बनवून घेतले.

निदानाहून उपचाराची उदाहरणे अधिक जुनी आहेत. रेडिएशन देणाऱ्या बहुतेक केंद्रांत असणारा ‘लायनॅक’ म्हणजे इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देणारा त्वरक. त्याला लागणारी सूक्ष्मतरंगांची नळी रडारच्या कामातून पुढे आली, त्यामुळे सगळे श्रेय कणभौतिकीला देणे बरोबर नाही. पण स्टॅनफर्डमधील भौतिकीविदांनी ती अणूच्या अभ्यासासाठी त्वरकात वापरली आणि तेथेच १९५६ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यातील कर्करोगावर अशा त्वरकाने उपचार झाले.

क्ष-किरण वाटेतल्या निरोगी भागाला इजा करत जातात आणि अर्बुदाच्या पलीकडेही पोचतात. प्रोटॉनचे तसे नाही. तो जाता जाता थोडी ऊर्जा देतो आणि थांबण्याच्या अगदी आधी बहुतेक ऊर्जा एका जागी ओततो. नंतर काहीच उरत नाही. किती खोलवर थांबायचे ते त्याच्या वेगावरून ठरवता येते. मेंदूच्या तळाशी, मणक्याजवळ किंवा लहान मुलांमध्ये गाठ असेल तर हा गुण अनमोल ठरतो. हे १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी लेखातून सुचवले. बर्कलीत १९५४ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले, पण केवळ रुग्णांसाठी रुग्णालयातच उभारलेले केंद्र कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे १९९० मध्येच सुरू झाले. त्याचा त्वरक फर्मिलॅब या अमेरिकेतील कणभौतिकी प्रयोगशाळेने बांधला होता आणि त्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक विल्सनच होते. कल्पना सुचल्यापासून सर्वसाधारण उपचार होईपर्यंत चव्वेचाळीस वर्षे गेली. हा काळ या क्षेत्राचा विचार करताना डोळ्यांसमोर असावा.

फर्मिलॅबचेच दुसरे देणे आहे ते तारेचे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या टेव्हाट्रॉन या सुमारे सव्वासहा किलोमीटर परिघाच्या त्वरकासाठी नायोबियम-टायटॅनियमची अतिसंवाहक तार प्रचंड प्रमाणात लागली. ती द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, विरोधाशिवाय विद्युतप्रवाह वाहून नेते. एवढी मोठी मागणी आल्याने ती बनवणारे कारखाने उभे राहिले, आणि एमआरआय यंत्रांचे चुंबक त्याच तारेने गुंडाळले जातात. एमआरआयची मूळ कल्पना अर्थातच वेगळ्या वाटेने, अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाच्या अभ्यासातून आली.

माहितीच्या क्षेत्रातली सर्वांत मोठी देणगी म्हणजे वर्ल्ड वाइड वेब. सर्नमध्ये देशोदेशीचे संशोधक येत-जात. प्रत्येकाचे संगणक वेगळे, कागदपत्रे विखुरलेली. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये दुव्यांनी जोडलेल्या कागदपत्रांचा प्रस्ताव दिला आणि १९९० च्या अखेरीस पहिले संकेतस्थळ चालू झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. माझ्या मते हा निर्णय शोधाइतकाच महत्त्वाचा होता. सर्नमध्येच १९७० च्या दशकात एका त्वरकाच्या नियंत्रणकक्षात शेकडो बटणांऐवजी स्पर्शपडदे बसवले गेले. मोबाइलचा पडदा सर्नचाच शोध, असे मात्र म्हणता येत नाही. तशी कल्पना इंग्लंडमध्ये १९६५ मध्येच मांडली गेली होती.

जगातील त्वरकांची संख्या तीस हजारांच्या घरात असल्याचे सांगितले जाते आणि त्यातले मूलभूत संशोधनासाठी असलेले अगदी थोडे. बाकीचे चिपमध्ये नेमके अणू रोवतात, वायरींवरचे आवरण इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने उष्णतेला टिकाऊ करतात, वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करतात.

भारतात मध्य प्रदेशातील इंदूर येथे इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे. वर्तुळात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून निघणाऱ्या तीव्र किरणांनी तेथे पदार्थांची रचना अभ्यासली जाते. मुंबईच्या समीर या सरकारी संशोधन संस्थेने रेडिएशनसाठी ‘सिद्धार्थ’ नावाचा स्वदेशी लायनॅक विकसित केला. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या रुग्णालयात तो बसवला गेला. खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राच्या परिसरात २०२३ पासून प्रोटॉनने उपचार होऊ लागले आहेत. तेथील यंत्र बेल्जियन कंपनीचे आहे. प्रोटॉन त्वरक आणि तो रुग्णाभोवती फिरवणारी अजस्र पोलादी चौकट देशात बनवणे अजून व्हायचे आहे.