निळा किरण आणि टीव्हीखालचा डबा

१९ फेब्रुवारी २००२ रोजी सोनी, पॅनासोनिक (तेव्हाची मात्सुशिता), फिलिप्स, सॅमसंग अशा नऊ कंपन्यांनी मिळून ‘ब्लू-रे’ या नव्या डिस्कची घोषणा केली. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने जाहीर केलं, की ब्लू-रेची स्पर्धक असलेल्या एचडी डीव्हीडीचा धंदा आम्ही गुंडाळतो आहोत. आपल्याकडे या तारखेला शिवजयंती (तिथीचा वाद तूर्त बाजूला). ज्या दिवशी एका बाजूने तोरण बांधलं, सहा वर्षांनी त्याच दिवशी दुसऱ्या बाजूने गडाच्या किल्ल्या हवाली केल्या. निव्वळ योगायोग, पण तारीख लक्षात ठेवायला सोपी.

मधल्या सहा वर्षांची गोष्ट सहसा दोन डिस्कांची तुलना म्हणून सांगितली जाते. कुणात किती जीबी, कुणाचं चित्र सरस. चित्रात खरं तर डावं-उजवं करण्यासारखं फारसं काही नव्हतंच. दोन्हीकडे १०८० ओळी, दोन्हीकडे चित्र आवळण्याची तंत्रंही तीच. निकाल लावला टीव्हीखाली ठेवलेल्या गेमच्या डब्याने, म्हणजे गेमिंग कन्सोलने. आणि तो डबा घेणाऱ्या बहुतेकांना आपण कुठल्या भांडणात मत टाकतोय याचा पत्ताही नव्हता.

भांडण मात्र जुनं होतं, व्हिडिओ कॅसेटच्या काळातलं. सोनीचं बीटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ चं, आणि त्यात सोनी हरली, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. आपल्या गोष्टीला त्याहून जवळचं साल १९९५. सीडीनंतर सिनेमाची डिस्क कशी असावी यावरून तेव्हा दोन तट पडले होते. एकीकडे सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा आणि हॉलिवूडमधली टाइम वॉर्नर. आयबीएम आणि इतर कॉम्प्युटर कंपन्यांनी मध्ये पडून दम भरला, की काय ते एक ठरवा, दोन-दोन डिस्का आम्ही चालवून घेणार नाही. तडजोड झाली आणि तिच्यातून डीव्हीडी जन्मली. पण पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या दोन पातळ चकत्या ही डिस्कची मूळ बांधणी तोशिबाच्या गटाची. पुढे डीव्हीडीचे नियम ठरवणाऱ्या ‘डीव्हीडी फोरम’मध्येही तोशिबाच्या शब्दाला वजन आलं. या वेळी टाइम वॉर्नर तोशिबाच्या बाजूला होती, हे ध्यानात असू द्या.

म्हणून पुढच्या पिढीची डिस्क काढताना सोनी आणि तिच्या सोबत्यांनी फोरमचं दारच ठोठावलं नाही, वेगळी चूल मांडली. तोशिबा आणि एनईसी आपली डिस्क घेऊन फोरमकडे गेल्या. नोव्हेंबर २००३ मध्ये फोरमने तिला मान्यता दिली आणि तिचं नाव पडलं एचडी डीव्हीडी.

या दोन्ही डिस्कांचं मूळ एकच, ते म्हणजे निळा लेझर. जपानच्या निचिया या कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात निळा एलईडी आणि त्यापाठोपाठ निळा लेझर डायोड करून दाखवला. (एलईडीसाठी २०१४ चं नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर मिळालं.) हा किरण ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे निळ्यापेक्षा जांभळटच. डीव्हीडीचा लाल किरण ६५० चा, सीडीचा ७८० चा. आकडा जितका लहान, तितका किरणाचा ठिपका बारीक करता येतो. पोस्टकार्डावर पत्रं लिहिलेल्या पिढीला हे सांगायला नको. जाड निबाने आठ-दहा ओळींत कार्ड भरतं, तेच बारीक निबाने लिहिलं तर गावाकडच्या सगळ्यांची खुशाली विचारून समासात आडवा मजकूर घालायलाही जागा उरते.

निब दोघांकडे एकच असूनही ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी बसायचे आणि एचडी डीव्हीडीच्या थरात १५. याचं कारण मजकूर किती खोल लिहायचा यात होतं. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो. तोशिबाने तीच खोली ठेवली. ब्लू-रेवाल्यांनी तो थर अगदी वर, ०.१ मिलिमीटरवर आणला, म्हणजे भिंग जवळ नेता आलं आणि ठिपका आणखी टोकदार झाला. त्याची किंमतही होती. डीव्हीडीवर बारीक चरा पडला तरी तो माहितीपासून लांब राहतो, किरणाला धूसर दिसतो, आणि डिस्क शर्टाला पुसून पुन्हा घातली की बऱ्याचदा चालते. ०.१ मिलिमीटरवर ही चैन नाही. त्यामुळे सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्का प्लॅस्टिकच्या कुप्पीत बंद असायच्या, जुन्या फ्लॉपीसारख्या. २००४ मध्ये टीडीके या जपानी कंपनीने नखाने ओरखडता येणार नाही असा कडक लेप काढला तेव्हा कुठे ती कुप्पी गेली.

तोशिबाचं म्हणणं साधं होतं. आमची डिस्क डीव्हीडीच्याच कारखान्यांत, थोड्या फेरफाराने निघते, मग नवी यंत्रं कशाला? व्यवहार म्हणून हे गणित मला आजही चुकीचं वाटत नाही. २००५ मध्ये दोन्ही गटांत समेटाची बोलणी झाली आणि मोडली. माझी खोली सोडणार नाही, एवढ्यावर अडलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होते, पण फार नाही.

आता डब्यांकडे येऊ.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००५ मध्ये इंटेलबरोबर एचडी डीव्हीडीला पाठिंबा जाहीर केला. दोनच महिन्यांनी, २२ नोव्हेंबरला, अमेरिकेत तिचा गेमचा डबा एक्सबॉक्स ३६० बाजारात आला, आणि त्यात होता साधा डीव्हीडी ड्राइव्ह. नव्या ड्राइव्हसाठी थांबायचं नाही, सोनीच्या आधी दुकानात पोचायचं, हा हिशेब. स्वस्तातला डबा २९९ डॉलरना, पूर्ण साजासह ३९९ ना. एचडी डीव्हीडी हवीच असेल तर नोव्हेंबर २००६ मध्ये १९९ डॉलरचा वेगळा ड्राइव्ह आला. तो डब्याशेजारी ठेवायचा, यूएसबीने जोडायचा आणि त्याला स्वतःचा अडॅप्टर लावायचा. एक्सबॉक्सचा मूळचा अडॅप्टरच विटेएवढा, त्यात ही भर. शिवाय त्यावर फक्त सिनेमे चालायचे, गेम्स डीव्हीडीवरच राहिले. गंमत म्हणजे सुरुवातीच्या ३६० ला एचडीएमआयचं भोकही नव्हतं, ते २००७ मध्ये आलं.

सोनीने उलट केलं. ब्लू-रे ड्राइव्ह प्लेस्टेशन ३ च्या पोटातच घातला, हवा असो वा नसो. यामागे अनुभव होता. २००० साली आलेला प्लेस्टेशन २ डीव्हीडीही लावायचा, आणि जपानमध्ये त्याने डीव्हीडीला घरोघरी पोचवलं. तो डाव पुन्हा खेळायचा होता, फक्त या वेळी निळ्या लेझरचे डायोड मुळातच दुर्मिळ होते. त्यांच्या टंचाईमुळे युरोपातलं आगमन मार्च २००७ पर्यंत लांबलं. जपान आणि अमेरिकेत प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये आला, अमेरिकेत दोन रूपांत, ४९९ आणि ५९९ डॉलरना. डबे उघडून सुट्या भागांची किंमत काढणाऱ्या आयसप्लाय या संस्थेने महागड्या डब्याचा खर्च ८४० डॉलर काढला. म्हणजे अशा प्रत्येक डब्यामागे सोनी दोन-अडीचशे डॉलर पदरचे घालत होती. तरी प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी यांनी किंमत उलट कमीच आहे असं सांगितल्यावर लोकांनी डोक्याला हात लावला.

पण सिनेमावाल्यांच्या नजरेने पाहिलं तर कुतारागी अगदीच चूक नव्हते. जून २००६ मध्ये सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर आला होता ९९९ डॉलरना. त्यापुढे ५९९ ला प्लेअर मिळतो आणि वर गेम्स खेळता येतात, हा सौदाच. शिवाय ब्लू-रेचे नियम दर काही महिन्यांनी बदलत होते. हजार डॉलर मोजलेले सुरुवातीचे प्लेअर मागे पडत गेले आणि प्लेस्टेशन ३ इंटरनेटवरून अपडेट घेऊन तरुण राहिला. तोशिबाचा स्वतःचा प्लेअर ४९९ पासून सुरू होत होता हे खरं, पण तो फक्त प्लेअर होता. तो घ्यायला दुकानात मुद्दाम जावं लागायचं.

यातला सगळ्यात चवदार भाग वेगळाच आहे. प्लेस्टेशन ३ चा मेंदू, ‘सेल’ नावाचा प्रोसेसर, सोनी आणि आयबीएमने कुणाच्या भागीदारीत बनवला? तोशिबाच्या. २००१ पासून तिघांचे इंजिनिअर टेक्ससमधल्या ऑस्टिनला एकाच छताखाली बसत होते. ज्या डब्याने तोशिबाची डिस्क गाडली, त्याच्या मेंदूत तोशिबाचाही घाम होता.

आपल्याकडे या लढाईचा आवाज फारच क्षीण पोचला. एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आला, पूर्ण साजाचा २३,९९० रुपयांना. प्लेस्टेशन ३ पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, ३९,९९० ना. त्याच २००७ मध्ये मोझर बेअर ही डिस्का बनवणारी भारतीय कंपनी हिंदी सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ना विकायला लागली होती. घरात जाडजूड पिक्चर ट्यूबचा टीव्ही, त्यावर २८ रुपयांची व्हीसीडी, अशा वेळी १०८० ओळींचं कौतुक कुणाला? इथे दुसराच हिशेब चालायचा. ३६० चा डीव्हीडी ड्राइव्ह ‘फ्लॅश’ करता यायचा (म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर बदलता यायचं), मग कोऱ्या डीव्हीडीवर उतरवलेले गेम्स चालायचे. ब्लू-रेची नक्कल करायची तर कोरी डिस्कही महाग, आणि प्लेस्टेशन ३ चं कुलूप बरीच वर्षं कुणाला फोडताच आलं नाही. गल्लीतला दुकानदार कुठला डबा सुचवायचा, हे सांगायला नको.

अमेरिकेत २००७ हे वर्ष रस्सीखेचीत गेलं. जूनमध्ये ब्लॉकबस्टर या भाड्याने सिनेमे देणाऱ्या साखळीने बहुतेक दुकानांत एचडी डिस्कांपैकी फक्त ब्लू-रे ठेवायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये पॅरामाउंट ही सिनेकंपनी, तोवर दोन्ही डगरींवर हात ठेवून असलेली, एचडी डीव्हीडीकडे गेली. दिवाळीच्या सुमारास वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकून पाहिला. लोकांनी रांगा लावल्या. पण जगभरात एव्हाना प्लेस्टेशन ३ एक कोटीच्या घरात पोचले होते, आणि एचडी डीव्हीडीचे सगळे प्लेअर, एक्सबॉक्सचे ड्राइव्ह धरूनसुद्धा, दहा लाखांच्या आसपास. प्लेस्टेशनवाल्यांतल्या दहातल्या दोघा-तिघांनी जरी सिनेमा विकत घेतला, तरी पारडं झुकणारच.

४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने सांगितलं, यापुढे आम्ही फक्त ब्लू-रे काढणार. हो, तीच वॉर्नर, १९९५ मध्ये तोशिबाच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली. लास व्हेगासचं मोठं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन तोंडावर आलं होतं. एचडी डीव्हीडी गटाने आपली पत्रकार परिषदच रद्द केली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स (तेव्हाचा मुख्य धंदा पोस्टाने डिस्का पाठवण्याचा), बेस्ट बाय ही दुकानसाखळी, वॉलमार्ट एकामागून एक ब्लू-रेकडे गेले, आणि मग १९ तारीख उजाडली. मायक्रोसॉफ्टने चारच दिवसांत आपला ड्राइव्ह बंद करत असल्याचं सांगितलं आणि उरलेला माल ५० डॉलरना काढला.

सोनीला हा विजय किती महाग पडला, ते बघण्यासारखं आहे. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात तिच्या गेम विभागाला २३,२३० कोटी येनचा तोटा झाला. त्याच जूनमध्ये कुतारागी पायउतार झाले. प्लेस्टेशन २ जगभरात साडेपंधरा कोटींवर विकला गेला होता, प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या जवळपास थांबला. मायक्रोसॉफ्टलाही हे सुखासुखी मिळालं नाही. बंद पडणाऱ्या ३६० च्या दुरुस्तीपोटी २००७ मध्ये तिला एक अब्ज डॉलरवर रक्कम बाजूला काढावी लागली, तरी तो डबा साडेआठ कोटींच्या आसपास पोचला आणि पहिल्यांदाच सोनीच्या बरोबरीला येऊन बसला. या दोघांना मागे टाकून निनटेंडोची ‘वी’ (हाही गेमचा डबाच) दहा कोटींवर गेली. तिला एचडी चित्र नव्हतं, ती सिनेमाची साधी डीव्हीडीसुद्धा लावत नव्हती.

गेम खेळणाऱ्याला ब्लू-रेचा उपयोग झाला का? जागेचा झाला. ‘फायनल फँटसी १३’ हा गेम प्लेस्टेशन ३ वर एका डिस्कमध्ये आला, ३६० वर तीन. पण जागा आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी. प्लेस्टेशन ३ चा ड्राइव्ह सेकंदाला ९ एमबी वाचायचा, ३६० चा डीव्हीडी ड्राइव्ह डिस्कच्या बाहेरच्या कडेला सोळाच्या आसपास जायचा. मोठं गोदाम, पण दार अरुंद. त्यामुळे कित्येक गेम्स आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे लागायचे, आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून ती पट्टी पुढे सरकताना बघत बसायचं.

पुढचं भराभर घडलं. नोव्हेंबर २००८ मध्ये नेटफ्लिक्सचे सिनेमे डिस्कशिवाय, थेट तारेवरून, एक्सबॉक्स ३६० वर दिसायला लागले. २००९ मध्ये तोशिबा स्वतः ब्लू-रेच्या गटात दाखल झाली. २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये मायक्रोसॉफ्टने ब्लू-रे ड्राइव्हच बसवला. आणि २०२३ च्या अखेरीस सोनीने प्लेस्टेशन ५ चं नवं, बारीक रूप आणलं, त्यात ब्लू-रे ड्राइव्ह काढता-घालता येतो. वर्षभराने आलेल्या महागड्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तर तो नसतोच, हवा असल्यास वेगळा घ्यायचा, तेव्हा अमेरिकेत ८० डॉलरना मिळायचा. बाजूला बसवला की तो पहिल्यांदा इंटरनेटवरून डब्याशी जोडून घ्यावा लागतो, मगच डिस्क फिरते.