वाडे पाहणे व त्यांचे छायाचित्रण (सोलापूर)

सोलापूर शहर व जिल्ह्यातील जुने वाडे, पेठा आणि राजवाडे हिंडून पाहणे व त्यांची छायाचित्रे टिपणे. शहरात ही भटकंती मुख्यतः कसब्यात होते : बाळीवेस, मधला मारुती, टिळक चौक, चाटी गल्ली.

इथला वाडा रस्त्यावरून फारसा कळत नाही. खाली काळा घडीव दगड, वर पांढऱ्या मातीची जाड भिंत आणि दिंडी (मोठ्या दारातले छोटे दार) असलेला दरवाजा, एवढेच दिसते. खरे घर आत असते. देवडी (दरवाजाच्या आतली पहाऱ्याची जागा) ओलांडली की चौक, चौकाभोवती सोपे (उघडे ओसरीसारखे भाग), लाकडी खांब आणि त्यांवर तुळया. छप्पर माळवदाचे, म्हणजे तुळयांवर लाकूड, त्यावर पाला आणि मातीचा जाड थर. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडणाऱ्या या गावात माळवद घर गार ठेवते. मात्र पावसाळ्याआधी त्याची डागडुजी करावीच लागते. ती करणारी मुले पुण्या-मुंबईला गेली की माळवद गळू लागते, तुळईचे टोक कुजते आणि एखाद्या पावसात अख्खा खण (दोन खांबांमधला भाग) खाली बसतो. वाडे बहुधा असेच पडतात.

छायाचित्राची अडचणही याच रचनेतून येते. दुपारी चौक पांढराफटक असतो आणि सोपा काळाकुट्ट; कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाहीत. सकाळी ऊन चौकाच्या वरच्या भिंतीवरच असते. तेव्हा तिथून परतलेला मऊ उजेड सोप्यात सारखा पसरतो आणि खांबाच्या नक्षीत साचलेली धूळसुद्धा दिसते. स्वयंपाकघरात उजेड येतो तो धुरासाठी माळवदात ठेवलेल्या साण्यातून (छपरातल्या झरोक्यातून). त्या कवडशात काजळी धरलेल्या तुळया फार सुंदर दिसतात. फ्लॅश मारला की ते सगळे जाते.

बहुतेक वाड्यांत माणसे राहतात. दारातून ‘काका, वाडा बघू का?’ असे विचारले, तर ‘या की, बघा की वो’ हे उत्तर नेहमीचे. चपला देवडीत काढाव्यात आणि देवघराचा फोटो पुन्हा विचारूनच घ्यावा.

शहराच्या चालीरीतींत सर्वांत मुरलेला वाडा हिरेहब्बूंचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या मानकऱ्यांचा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांची (सजवलेल्या उंच काठ्यांची) मिरवणूक इथून निघते. पांढऱ्या बाराबंदीतले (बंद बांधायच्या जुन्या धाटणीच्या अंगरख्यातले) भक्त उंच नंदीध्वज पेलत अरुंद गल्लीतून निघतात, तेव्हा जुनी घरे आणि त्यांचा वापर एकाच चौकटीत सापडतो. वर्षभरात फोटोसाठी याहून चांगला दिवस नाही. चीनमध्ये युद्धातील जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस (जन्म १९१०) यांचे घर आता स्मारक आहे. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली इंद्रभुवन ही इमारत वाड्याच्या उलट स्वभावाची : सारा थाट दर्शनी बाजूला, म्हणून ती समोरून आणि दुरून पाहावी. पुढे ती महापालिकेचे कार्यालय झाली. भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असल्याने तिथे कॅमेऱ्याची तिपाई लावायची तर आधी परवानगी लागते.

पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या घरांना कुणी वारसा म्हणत नाही, ही मोठी चूक आहे. तेलंगणातून आलेल्या या कुटुंबांनी घर आणि माग एकाच छपराखाली ठेवले. हातमागाच्या खड्ड्याशेजारीच चूल, अशी मांडणी गावाचा इतिहास कोणत्याही नक्षीदार खांबाइतकीच सांगते.

जिल्ह्यात अक्कलकोटचा राजवाडा व तिथले शस्त्रागार, तसेच पंढरपूरचा अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला होळकर वाडा आवर्जून पाहिले जातात. पंढरपूरला आषाढी-कार्तिकी टाळून जावे; वारीत वाड्याच्या भिंतीसुद्धा नजरेस पडत नाहीत.

अभ्यासासाठी काढलेल्या फोटोसोबत गल्लीचे नाव, तारीख आणि सोपा किती खणांचा आहे हे लिहून ठेवतात. वाटण्या झाल्या की चौकात मधोमध भिंत उभी राहते, आणि मूळ चौक केवढा होता हे मग त्या खणांवरूनच काढावे लागते.