पाठोपाठ की सोबत? स्तनाच्या कर्करोगात औषधं आणि रेडिएशन

रुग्णालयात किमो देतात त्या डे-केअर विभागात शेजारीशेजारी बसलेल्या दोन बायका बोलत असतात. एकीला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. तिला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाचं सलाईन लागतं आणि त्याच आठवड्यात पाच दिवस ‘लाईट’ही असतो. लाईट म्हणजे रेडिएशन, कुणी त्याला शेक म्हणतं. दुसरीला स्तनाचा कर्करोग. तिला सांगितलंय, आधी किमो पूर्ण होऊ दे, मग तीन-चार आठवडे थांबून लाईट सुरू करू. ती घरी जाते ती हाच विचार घेऊन: तिला दोन्ही एकदम देतात, मग मला उपचार कमी पडतोय का?

कमी पडत नाही. त्या दोघींना मिळतात ते उपचार दिसायला सारखे असले तरी मुळात वेगळे आहेत. गोंधळ होतो तो दोन्हीला ‘किमो आणि रेडिएशन’ असं एकच नाव असल्यामुळे.

पाठोपाठ देतात तेव्हा औषध आणि किरण इलाका वाटून घेतात. रेडिएशन फक्त जिथे मारा होतो तिथेच काम करतं: स्तन, छातीची भिंत, काखेतल्या आणि गळ्याच्या हाडावरच्या लसिकागाठींचा भाग. रक्तातून यकृतात किंवा हाडात जाऊन बसलेल्या चार पेशींना त्या किरणांची झळही लागत नाही. त्यांच्यामागे औषध जातं. सोबत देतात तेव्हा हेतूच निराळा असतो. औषधाने त्याच जागी, त्याच पेशींवर किरणांची धार वाढवायची असते. ही वाटणी आणि ही जोडी यांतला फरक ब्रिटनमधल्या स्टील आणि पेकहॅम या दोन संशोधकांनी १९७९ मध्ये नीट मांडला. माझ्या मते रुग्णाला पहिल्याच भेटीत समजावून सांगावी अशी ही गोष्ट आहे, आणि नेमकी तीच राहून जाते.

धार वाढते म्हणजे काय होतं, ते पेशीच्या आत जाऊन पाहू. किरण पेशीतल्या पाण्यावर आदळतात, त्यातून अतिशय आक्रमक कण तयार होतात आणि ते डीएनएचे धागे तोडतात. पेशी लगेच डागडुजीला लागते. निरोगी पेशी पुढच्या काही तासांत बरंच सांधून घेते. कर्करोगाच्या पेशीला ते तितकं जमत नाही. म्हणून तर रेडिएशन एका दमात न देता रोज थोडं थोडं देतात. सिस्प्लॅटिनसारखं औषध नेमकं या डागडुजीत खोडा घालतं. पॅक्लिटॅक्सेल हे टॅक्सेन गटातलं किमोचं औषध पेशीला विभाजनाच्या ऐन टप्प्यावर अडकवून ठेवतं, आणि त्या टप्प्यावर किरण तिला सगळ्यात सहज मारतात. अडचण एवढीच की औषध रक्तातून सगळीकडे जातं, त्यामुळे किरणांच्या वाटेतली त्वचा, फुप्फुस आणि हृदय यांचीही डागडुजी थोडीफार अडते.

आता त्या दोघींकडे परत येऊ. पहिलीची गाठ अजून जागेवर आहे, मोठी आहे, आणि ती रेडिएशननेच संपवायची आहे. तिथे धार जितकी वाढेल तितकी हवी. सिस्प्लॅटिन सोबत दिल्याने बायका जास्त जगतात हे पाच चाचण्यांत दिसलं आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांना तसं कळवलं. दुसरीची गाठ मात्र सर्जनने काढून टाकलेली असते. मागे राहिल्या तर डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी, आणि त्यांना नुसते किरण बहुतेक वेळा पुरतात. पूर्वी त्यासाठी ५० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), २५ दिवसांत देत. आता ४० ग्रे १५ दिवसांत, आणि काही जणींना २६ ग्रे अवघ्या ५ दिवसांत देतात. २०११ मध्ये १७ चाचण्यांमधल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३५ टक्के जणींना १० वर्षांत आजार परतला. घेतलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होतं. ‘किमो झाली, मग लाईट कशाला’ असं विचारणाऱ्या प्रत्येक घरात हा आकडा पोहोचायला हवा.

स्तनाच्या कर्करोगातही सोबत देऊन पाहिलंच नाही असं नाही. ब्रिटनमध्ये सेक्रॅब नावाची २,२९७ स्त्रियांची चाचणी झाली. एका गटाला किमोच्या दोन डोसांच्या मधल्या दिवसांत रेडिएशन दिलं, दुसऱ्याला किमो संपल्यावर. १० वर्षांनी त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४.६ टक्के आणि दुसऱ्यात ७.१ टक्के निघालं. म्हणजे फायदा झाला. पण एकूण आयुष्यमानात फरक पडला नाही, आणि त्वचा मध्यम ते तीव्र भाजण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेलं. त्यातली मुख्य किमो होती सीएमएफ, ही जुनी तीन औषधांची जोडणी. आज जास्त वापरली जाणारी औषधं निराळी आहेत, आणि त्यांच्यासोबत रेडिएशन देणं जास्त जोखमीचं आहे.

त्यातलं पहिलं डॉक्सोरुबिसिन. ते लालभडक द्रव शिरेतून आत जाताना पाहिलेली बाई तो रंग विसरत नाही. हे औषध हृदयाच्या स्नायूला त्रास देऊ शकतं. डाव्या स्तनाला रेडिएशन देताना हृदय अगदी मागेच असतं. म्हणून तर दीर्घ श्वास घेऊन रोखून धरायला सांगतात, फुप्फुस फुगलं की हृदय किरणांच्या वाटेपासून जरा लांब सरकतं. असे दोन घाव एकाच वेळी कुणी घालत नाही. टॅक्सेन गटातल्या औषधांसोबत फुप्फुसाला सूज येण्याची भीती असते. आणखी एक विलक्षण प्रकार आहे, त्याला रेडिएशन रिकॉल म्हणतात. लाईट संपून कित्येक आठवडे, कधी महिने झालेले असतात, त्वचा पूर्ण बरी झालेली असते. मग यांपैकी एखादं औषध सुरू होतं आणि जिथून किरण गेले होते तेवढाच भाग लाल होतो. कडा अशा सरळ, की पट्टी ठेवून आखल्यासारख्या. त्वचेने आठवण ठेवलेली असते.

मग ट्रॅस्टुझुमॅब रेडिएशनच्या दिवसांतही चालूच का ठेवतात? इथे खरा घोळ होतो. हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या आजारात, त्या प्रथिनावरच नेम धरणारं हे औषध साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी देतात. वर्ष मोठं, रेडिएशन तीन आठवड्यांचं. ते त्या वर्षाच्या आतच बसतं. दोन्ही एकाच काळात चालतात, पण औषध किरणांची धार लावायला दिलेलं नसतं, ते आपलं ठरलेलं काम करत असतं. मधे बंद करण्याइतका त्रास वाढत नाही असा अनुभव आहे. हृदयाची इको मात्र ठरावीक अंतराने करत राहतात. शस्त्रक्रियेआधी औषधं देऊनही काढलेल्या भागात आजार शिल्लक दिसला तर दिलं जाणारं टी-डीएम-वन (ट्रॅस्टुझुमॅबला किमोचं औषध जोडून केलेलं) हेही कॅथरीन चाचणीत रेडिएशनच्या काळात चालू होतं. एका तारखेला दोन नोंदी दिसल्या म्हणजे दोघांचा हेतू एक, असं समजू नका. हार्मोनच्या गोळ्या लाईटसोबत सुरू करायच्या की नंतर, हे डॉक्टर ठरवतील. दोन्ही रीती चालतात.

खरी धार लावणारी जोडी स्तनात लागते ती गाठ काढता येत नाही तेव्हा. मग कॅपेसिटाबिनच्या गोळ्या रेडिएशनसोबत देण्याचा पर्याय निघतो. मला सर्वात आशेची वाटते ती जपानमधून आलेली एक कल्पना. गाठीच्या पोटात प्राणवायू कमी असतो, आणि प्राणवायू नसेल तर किरणांचा परिणाम अडीच-तीन पटींनी घटतो. म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड जेलमध्ये मिसळून सुईने थेट गाठीत सोडायचं, म्हणजे प्राणवायू तिथल्या तिथे तयार होतो आणि बाकी शरीराला झळ बसत नाही. ब्रिटनमध्ये १२ रुग्णांवर पहिली सुरक्षा चाचणी झाली आणि पुढची मोठी चाचणी हाती घेतली गेली. नेहमीच्या उपचारात ही पद्धत अजून आलेली नाही.

एक गोष्ट फाईलमध्ये सहसा नसते. सीएमएफमधला एम म्हणजे मेथोट्रेक्सेट. तेच औषध संधिवातासाठी आठवड्यातून एकदा गोळीने घेणाऱ्या कितीतरी बायका आहेत. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं रेडिएशनच्या डॉक्टरांनी विचारल्यावर त्या बीपीची गोळी सांगतात, साखरेची सांगतात आणि ही गाळतात, कारण ती ‘गुडघ्यांची’ असते. म्हणजे किमोतलंच एक औषध लाईटसोबत चालू राहतं आणि डॉक्टरांना ते कळतही नाही. मार्किंगच्या दिवशी, म्हणजे किरण कुठे द्यायचे ते अंगावर आखतात त्या दिवशी, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून सोबत न्या आणि टेबलावर मांडून दाखवा.