पार्श्वभूमी : जुन्या बॅकअपची मुदत

जुने बॅकअप किती काळ ठेवायचे आणि केव्हा पुसायचे, याचे लेखी धोरण आज बहुतेक मोठ्या कंपन्यांत असते आणि ते ठरवताना संगणक विभागाइतकाच कायदा विभागाचाही शब्द चालतो. चुंबकीय टेपच्या काळात हा प्रश्न वेगळा काढून विचारण्याची गरजच नव्हती. टेप महाग होती, तीच पुन्हा वापरायची होती, आणि नवा मजकूर चढला की जुना आपोआप जात होता.

1960च्या दशकात मूळ फाइलची टेप आणि दिवसभरातील व्यवहारांची टेप एकत्र चालवून तिसऱ्या टेपवर अद्ययावत फाइल लिहिली जाई. जुन्या टेपला हात लागत नसल्यामुळे तीच बसल्या जागी बॅकअप ठरे. अशा तीन पिढ्या सांभाळण्याच्या रिवाजाला आजा-बाप-लेक असे नाव पडले; चौथी पिढी आली की पणजा झालेली टेप कोऱ्या टेपांच्या गठ्ठ्यात जाई. चुकून पुसले जाऊ नये यासाठी रिळाच्या मागच्या खाचेत बसणारी प्लास्टिकची एक रिंग होती. ती बसवली तरच टेपवर लिहिता येई, काढून घेतली की टेप केवळ वाचता येई.

दुसरे संरक्षण टेपच्या सुरुवातीच्या लेबलमध्ये, म्हणजे टेपवरच चुंबकीय रूपात लिहिलेल्या ओळख-नोंदीत होते. आयबीएमच्या प्रमाणित लेबलमध्ये मुदतीच्या तारखेसाठी जागा राखलेली असे आणि त्या तारखेपूर्वी कोणी टेपवर लिहू लागले, तर यंत्रणा ऑपरेटरला अडवून विचारत असे. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. ही तारीख ‘या दिवशी पुसा’ असे सांगत नव्हती, ‘या दिवसापर्यंत पुसू नका’ एवढेच सांगत होती. वर्षाचे दोन आणि वर्षातील दिवसाचे तीन असे पाच अंक त्यासाठी वापरले जात, म्हणून जी टेप कधीच पुसायची नाही तिच्यावर 99365 लिहिण्याची पद्धत पडली. पुढे 31 डिसेंबर 1999 हा दिवस खरोखरच जवळ आला, तेव्हा ‘कायम’ म्हणून ठेवलेल्या टेपांची मुदत संपल्याचे यंत्रणेने मानू नये, यासाठी संगणक केंद्रांना वेगळा बंदोबस्त करावा लागला.

पुसण्याचा प्रश्न न्यायालयात गेला तो अमेरिकेत. नोव्हेंबर 1986 मध्ये इराणला गुपचूप शस्त्रे विकून तो पैसा निकाराग्वातील कॉन्ट्रा बंडखोरांकडे वळवल्याचे इराण-कॉन्ट्रा प्रकरण उघडकीस येत असताना राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी व्हाइट हाउसच्या ‘प्रॉफ्स’ या ईमेल यंत्रणेतून पाच हजारांहून अधिक संदेश काढून टाकले. परंतु बॅकअपच्या टेपांवर ते शिल्लक होते आणि तेथूनच ते चौकशी करणाऱ्यांच्या हाती आले. जानेवारी 1989 मध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन यांची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, या टेपा पुसण्यास न्यायालयाने मनाई केली. त्यानंतर लॉरा झुबुलेक या कर्मचारी महिलेने यूबीएस या बँकिंग कंपनीवर भरलेल्या झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्यात न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी 2003-04 मध्ये दिलेल्या निकालांतून असे ठरत गेले की, खटल्याची चाहूल लागताच नेहमीचे पुसणे थांबवले पाहिजे. हरवलेल्या टेपा आणि काढून टाकलेले ईमेल कंपनीच्या विरोधात गेले आणि 2005 मध्ये ज्यूरीने सुमारे 2.9 कोटी डॉलरची भरपाई दिली. माझ्या मते, टेपांच्या कपाटाकडे कायदा विभागाचे लक्ष खऱ्या अर्थाने वळले ते येथे.

त्याच सुमारास तंत्रही पालटले. बेल लॅब्सच्या ‘व्हेंटी’ या साठवण यंत्रणेने 2002 मध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला त्याच्याच हॅशवरून, म्हणजे त्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठशावरून, पत्ता दिला. त्यामुळे सारखा तुकडा एकदाच साठू लागला. मात्र एकदा लिहिलेले पुसण्याची सोयच त्यात नव्हती. तुकडे सामायिक असले की एक जुना बॅकअप वगळून जागा मोकळी होतेच असे नाही, कारण त्यातील बहुतेक तुकडे नव्या बॅकअपलाही लागतात. ‘रेस्टिक’सारख्या आजच्या बॅकअप-साधनात म्हणूनच दोन आज्ञा आहेत. ‘फर्गेट’ बॅकअपची केवळ नोंद काढते, तर ‘प्रून’ कोणालाच न लागणारे तुकडे शोधून पुसते. पहिली देऊन दुसरी राहून गेली की डिस्क भरलेलीच राहते, आणि हे अनेकांना डिस्क भरल्यावरच कळते.

युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मे 2018 पासून लागू झाला, तेव्हापासून न पुसणे हाही दोष ठरू लागला. भारताच्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही ज्यासाठी माहिती घेतली तो हेतू संपल्यावर ती पुसण्याचे बंधन आहे, मात्र अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक असेल तर सूट आहे. कंपनी कायदा हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपायला सांगतो. प्रत्यक्षात आठ वर्षे जपायचे बिल आणि हेतू संपताच पुसायचा ग्राहकाचा मोबाइल क्रमांक एकाच डेटाबेसच्या एकाच बॅकअपमध्ये असतात, आणि बॅकअप मुळात अख्खा ठेवण्यासाठी किंवा अख्खा टाकण्यासाठी बनलेला असतो.

याच्या उलट दिशेचा ताण रॅन्समवेअरने, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, आणला, कारण हल्लेखोर आधी बॅकअपच नष्ट करू लागले. ॲमेझॉनने 2018 मध्ये एस-3 साठवणुकीवर आणलेले ‘ऑब्जेक्ट लॉक’ हे त्या जुन्या प्लास्टिकच्या रिंगचेच काम करते. फरक इतकाच की, त्याच्या कडक प्रकारात मुदत संपेपर्यंत खात्याच्या मालकालाही ते काढता येत नाही. दहा दिवसांच्या जागी चुकून दहा वर्षे भरली गेली, तर दहा वर्षे भाडे भरणे किंवा सगळे खातेच बंद करणे, एवढेच हाती राहते.